अंबाडीची काडी

१९३१च्या कापूसवेचणीत पारोळ्याजवळच्या एका गावात पंच निंबाखाली बसले. मगनने सवत आणल्यावर ताईबाईने काडीमोड मागितला होता. धुळ्याच्या कोर्टात कुणालाच जायचं नव्हतं. रीत अशी की नवऱ्याने काडी आणायची, दोघांनी टोकं धरून मोडायची. तुटली की बाई मोकळी. ताईबाई सकाळपासून उभीच होती, सुटणारं गाठोडं पुन्हापुन्हा आवळत. मगनने ओली अंबाडी आणली, जिच्या चिवट सालीचे दोर वळतात ती. काडी मोडली, पण साल तुटली नाही. दोन तुकडे लोंबत राहिले. “साल धरी ऱ्हायनी, आबा,” मगन हसला. थोरल्या पंचांनी मान डोलावली आणि निकाल पुढच्या बाजाराच्या दिवसावर ढकलला. “घर जाय, पोरी. पुढला बजारले देखूत.” “कापूस वेचायस तवलोंग हाऊ वलीच काडी लई येई!” ताईबाई उसळली. वेचणी संपेपर्यंत मगनला तिचे फुकटचे हात हवे होते. तिने दातांनी साल सोलली, तीच गाठोड्याला बांधली आणि सुटे झालेले दोन तुकडे मगनच्या हातात ठेवून ती पंचांकडे वळली. “आते काय धरी ऱ्हायनं, आबा?”