जड फ्लायव्हील

“वहिनी, जड फ्लायव्हील बसवलंय, कंपनीचं असतं तसं. आता सिग्नलला गाडी बंद पडायची नाही,” बाबालाल मिस्त्री म्हणाले. इंजिनाचं ते जुनं चाक त्यांनीच लेथवर घासून हलकं केलं होतं, माझ्या लेकाच्या, यशोधनच्या हट्टापायी. पाय ठेवला की गाडी उसळली पाहिजे, हे त्याचं खूळ.

यशोधन गेल्यापासून गाडी मीच चालवते. त्या हलक्या चाकापायी ती प्रत्येक सिग्नलला बंद पडायची, मागचे हॉर्न वाजवून जीव खायचे. तेवढ्यात शेजारच्या रिकाम्या सीटवरून त्याचा आवाज कानी यायचा, “आई, आधी रेस दे, मग क्लच सोड. घाबरतेस काय?” मी तसं करायचे आणि गाडी निघायची.

आज उद्यमनगरातल्या मिस्त्रींच्या गॅरेजमधून घरी निघाले. दोन सिग्नल गेले, गाडी एकदाही अडली नाही. शेजारची सीट गप्प होती.

घराजवळच्या सिग्नलला दिवा हिरवा झाला. मी मुद्दाम रेस दिलीच नाही, नुसता क्लच सोडला आणि कान देऊन बसले.

गाडी जराशी थरथरली, सावरली आणि निमूट पुढे चालू लागली.