मधला खांब

"डोळे मिटा बरं सगळ्यांनी. समजा, ही घोंगडी म्हणजे मंगोल खानाचा तंबू." नौपाड्यातल्या घरात, बाहेरच्या खोलीत, भाऊआजोबा मधोमध काठी उभी धरून बसले. चार नातवंडांनी घोंगडीची चार टोकं ताणून धरली. "गवताळ रानात भांडत फिरणाऱ्या टोळ्या खानानं एका तंबूखाली आणल्या आणि बघता बघता अर्धं जग त्याचं झालं. पुढं त्याची नातवंडं म्हणाली, माझं टोक माझं. हं, ओढा आता!"

"माझ्याकडे जास्त घोडे!" मुकुंद ओरडला.

"घोडे कसले, ढेकूण आहेत तुझ्या टोकाला!" नीलानं हिसका दिला. घोंगडी काठीवरून घसरली आणि तंबू कोसळला.

"झाले राज्याचे चार तुकडे," आजोबा हसले.

"आणि मधला खांब कुणाच्या वाट्याला गेला, आजोबा?" नीलानं विचारलं.

आजोबांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. घरातली रेशनकार्डं कालच वेगळी झाली होती. धाकटा मुलगा उद्या डोंबिवलीला बिऱ्हाड हलवणार होता. आतल्या खोलीत दोन्ही मुलगे सकाळपासून, आजोबांनी कुणाकडे राहायचं, याच प्रश्नावर अडून बसले होते.

नीलानं आपलं टोक सोडलं आणि आजोबांची काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली.