मागची सीट
गणिताचे मास्तर सात वर्षं रोज सकाळी सायकलवरून टेकडी चढायचे आणि लागलेला वेळ मोबाईलमध्ये नोंदवायचे. दरवर्षी वेळ घटत गेला, मास्तरांचा रुबाब वाढत गेला. मग मधुमेहानं त्यांची दृष्टी गेली. सायकल विकून मास्तर खुर्चीला खिळले, बोलेनासे झाले. वर्षभरानं बायकोनं दोन सीटची सायकल आणली. "मी मागं बसू? लोक हसतील!" "हसू देत. तुम्हाला थोडेच दिसणार आहेत!" मास्तरांना खूप दिवसांनी खदखदून हसू फुटलं. ते मागं बसले. चढावर दोघांची दमछाक झाली. "अहो, पाय मारताय की नुसतेच बसलाय?" बायको ओरडली. तरीही कुठं न थांबता दोघं माथ्यावर पोहोचली. मोबाईल बोलला, "ही तुमची आजवरची सर्वांत संथ चढाई." तिचा चेहरा पडला. "पुसून टाकू का?" "छे! राहू दे. उद्या हिलाच हरवायचंय आपल्याला."