झुलत्या दाराची तपासणी

त्र्याण्णव साली इंदापुरातल्या एका इंग्रजी अमदानीतल्या कचेरीत, साहेबांच्या झुलत्या दाराखालची फरशीतली स्प्रिंग तपासायला बारामतीहून मिस्त्री आला. दार नीट मिटतं का बघायला त्याला त्यातून आत-बाहेर करणारा माणूस हवा होता. शिपायानं दाराबाहेरच्या बाकावरून पळसदेवच्या दत्तोबांना उठवलं. धरणात गेलेल्या जमिनीच्या बदली जमीन मागायला ते वर्षभर येत होते. आत कुणी सोडलं नव्हतं.

दत्तोबा तीस वेळा आत गेले. "साहेब, माजी जमीन..." म्हणेपर्यंत मिस्त्री ओरडायचा, "आबा, भायेर या!"

एकतिसाव्या वेळी साहेबांनी मान वर केली. "दाराचं आटपलं की या."

दत्तोबा घाईनं बाहेर आले. मिस्त्री हत्यारं पिशवीत भरत होता आणि शिपाई पुन्हा दार अडवून उभा होता.

"झालं आबा. दार झकास हाय. आता तुमाला आत जायचा तरास न्हाय."