मागचं चाक

गंगारामने आगकाडी व्हॉल्वमध्ये खुपसली आणि दाबून धरली. सूं करत हवा सुटली. त्याने दचकून जिन्याकडे पाहिलं. वर अजून कुणाची चाहूल नव्हती. डिकीतली स्टेपनी त्याने आधीच रिकामी केली होती. मागचं डावं चाक बसत बसत पार रिमपर्यंत आलं, तेव्हा त्याने काडी गटारात टाकली आणि हात पायजम्याला पुसले.

या गाडीच्या टायरांना शिवतेजने, म्हणजे त्याच्या मुलाने, कधी हात लावला नव्हता. ते काम बापाचं. महाप्याच्या एका कंपनीत गंगारामने जन्मभर टेम्पो चालवलेला. दर रविवारी सारसोळ्यातल्या घराखाली फतकल मारून तो टायरच्या नक्षीत अडकलेले खडे उकरून काढायचा, नट आवळून बघायचा, हवा मोजायचा. "इंजिन बंद पडला तं गारी थांबते. टायर फुटला तं मानूस जातो," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. त्याच माणसाने आज आपल्या हाताने हवा सोडली होती.

कारण आज भागीरथीला न्यायचं होतं. कर्जतच्या बाजूला म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी एक संस्था होती, तिथे.

त्याच्या बायकोला आधी शेजारणींची नावं आठवेनाशी झाली. मग सून परकी झाली. मग शिवतेजला ती आपल्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारू लागली. गेल्या महिन्यात दुपारी गंगारामचा जरा डोळा लागला, तेवढ्यात ती घराबाहेर पडली आणि भर पाम बीच रोडवर, धावत्या गाड्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. बापाच्या मिठागराची वाट शोधत होती म्हणे. एका बाइकवाल्याने हाताला धरून बाजूला घेतलं म्हणून वाचली. त्यानंतर शिवतेजने संस्थेत फोन केला.

गंगारामकडे भांडायला एकच गोष्ट होती. "मना वलखते ती अजून," तो पुन्हा पुन्हा सांगायचा. आणि ते खरं होतं. घास घ्यायची तर ती त्याच्याच हातून. सुनेने भरवायला घेतलं की तोंड फिरवायची.

शिवतेज आईला धरून खाली आला. एका हातात तिची बॅग. चाक बघून तो थबकला. आईला जिन्यापाशी ठेवलेल्या खुर्चीवर बसवून त्याने डिकी उघडली, स्टेपनीवर अंगठा दाबला. मग बापाकडे वळला.

"बाबा, हवा तू काढलीस."

"पंक्चर झाला असंल."

"दोन्ही? एकदम?"

आता हा ओरडेल, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल, असं गंगारामला वाटलं. पण शिवतेज ओरडला नाही. पायरीवर बसला, बॅग मांडीवर घेतली आणि तिच्यात तोंड खुपसून रडायला लागला.

"मला काय हौस आहे का, बाबा? आम्ही दोघं दिवसभर कामावर. रात्री तू तिच्या उशाशी जागा. तू झोपणार कधी? तुलाच काही झालं तर मी काय करू?"

शिवतेजने बाहीने तोंड पुसलं.

"जाऊ दे. नाही नेत तिला. कळवतो त्यांना."

गंगारामच्या छातीवरचा धोंडा उतरला. तो लगबगीने भागीरथीजवळ गेला आणि तिचा हात धरला. "चल, वर जाव. चा ठेवतो."

तिने झटक्यात हात सोडवून घेतला. लुगड्याचा पदर डोक्यावर ओढला, परका पुरुष समोर आला की ओढायची तसा. बसलेल्या चाकाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"दादा," ती म्हणाली, "तेवरी हवा भरून द्या ना."

सबंध संसारात तिने त्याला 'अवो'शिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

"आये, अगं बाबा आहेत ते..." शिवतेज उठून पुढे आला. गंगारामने त्याला हाताने गप्प केलं.

"कुठं जायाचाय तुमाला?" त्याने विचारलं.

"घरी."

गंगारामने जिन्याखालचा पायपंप ओढून आणला, नळी व्हॉल्वला बसवली आणि पाय मारायला लागला.

"बाबा, राहू दे ना. नाही जात आपण." शिवतेज पंप घ्यायला वाकला. गंगारामने त्याला कोपराने बाजूला सारलं. गुडघा ठणकत होता. धाप लागत होती. रिम इंचाइंचाने जमिनीपासून उचलली जात होती. चाक भरल्यावर त्याने नेहमीसारखी हवा मोजली. काटा जरा खाली होता. लांबचा रस्ता म्हणून त्याने आणखी पाय मारले.

"स्टेपनी काढ," तो मुलाला म्हणाला. "ती पन भरतो."

भागीरथी खुर्चीतून अर्धवट उठली होती. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"बिगी बिगी आटपा ना, दादा," ती काकुळतीने म्हणाली. "घरी माजा मानूस येकटा हाय. मी गेल्याबिगर तो जेवाचा नाय."