भातावरची रेघ

मुलीने चमच्याच्या कडेने भाताच्या बरोबर मधोमध रेघ मारली.

आज तरी नको गं, असं आईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण जेवताना टोकायचं नाही, टक लावून बघायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून ती शिवणयंत्रापाशी बसून राहिली, सुईत दोरा ओवायच्या निमित्ताने मान खाली घालून. दोरा काही ओवला जाईना.

मुलीने रेघेच्या अलीकडचा भात खाल्ला. उकडलेला बटाटा अर्धा. कडा काढलेला पाव, तोही अर्धा. मग वाटीसकट ताटली टेबलावरून आईच्या बाजूला सरकवली.

"झालं."

"अजून दोन घास, पिल्लू? वजन करायला जायचंय ना आज."

"झालं."

झालं म्हणजे झालं, त्यावर पुढे बोलणं नाही. मुलगी चौथीत होती. खायची ते तीनच पदार्थ, तिन्ही पांढरे, तेही एकमेकांना न लागणारे. भाताची वाटी आतल्या निळ्या रेघेपर्यंतच भरायची. शीतभर जास्त झालं तर ती टेबलाखाली जाऊन कान झाकून बसायची. ऑटिझम असावा, असं डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. तपासण्या अजून चालू होत्या. खाण्याचा आजार मात्र नक्की होता. या खेपेला वजन आणखी घसरलं तर भरती करून नाकातून नळी घालायची, असं ठरलं होतं. खांद्यावर हात ठेवलेला न चालणाऱ्या पोरीच्या नाकात नळी!

तीन पदार्थांशी आईने कधीच जमवून घेतलं होतं. तिला पोखरत होता तो हा अर्ध्याचा नवा हट्ट.

पूर्वी मुलगी वाटी चाटूनपुसून संपवायची. तेव्हा आई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायला जायची. संध्याकाळी ती घरी आली की मुलगी आधी तिची पिशवी उघडायची, डबा रिकामा आहे ना ते बघायची आणि मगच बोलायची. पुढे पोरीकडे नीट लक्ष द्यावं म्हणून आईने नोकरी सोडली. आणि त्याच आठवड्यात भातावर पहिली रेघ पडली.

मी घरी बसले आणि पोरीच्या घशाखाली घास उतरेना झाला, हे तिच्या मनाने घेतलं. सांगणार कोणाला? नणंदेपाशी मन मोकळं केलं तर ती म्हणाली, "लाडावून ठेवलीयेस. दोन दिवस उपाशी ठेव, झक मारत खाईल." त्यानंतर नणंदेचा फोन आला की आई नेमकी कामात असायची.

ताटली घेऊन ती ओट्याशी गेली. उरलेला भात उभ्याउभ्याच तोंडात टाकला, त्यावर बटाटा आणि पाव. अन्न टाकायचं जिवावर यायचं, आणि नवरा ट्रक घेऊन आठवडा-आठवडा बाहेर. एकटीसाठी पुन्हा चूल कोण पेटवतो? मुलगी दारात उभी राहून बघत होती. ताटली रिकामी होईपर्यंत ती तिथून हलायची नाही. तिच्या नाना नियमांपैकी हाही एक, असं आईने धरून टाकलं होतं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"जेवलात का दोघी?"

"जेवलो की. पोटभर."

"खोटं," मुलगी दारातून म्हणाली.

आईने घाईने फोन दुसऱ्या कानाला लावला. या पोरीसमोर साधी थाप मारायची सोय नव्हती.

"काय म्हणतेय ती?"

"काही नाही. तुम्ही गाडी सांभाळून चालवा. संध्याकाळी कळवते."

निघण्याआधी तिने मुलीच्या स्कर्टची कंबर पुन्हा आत घेतली. टोचू नयेत म्हणून लेबलं तर तिने केव्हाच उसवून टाकली होती. सुईदोरा हातात होताच, तर स्वतःच्या ड्रेसच्या बाजूही आत घेतल्या. धुऊन धुऊन कापड सैल झालं असावं.

दवाखान्यात तिला बसवेना. बाकावरून उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची. एकदा उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तिने भिंत धरली. कानांवर हात ठेवून बसलेली मुलगी तिच्याकडे एकटक बघत होती.

आत गेल्यावर मुलगी न सांगता वजनकाट्यावर उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला आणि चष्मा काढला.

"आणखी कमी झालंय. आता भरती करावं लागेल."

"एक आठवडा द्या हो. तुमच्या पाया पडते. मी काहीही करीन."

"तुम्ही सगळं करताय, ते दिसतंय मला." डॉक्टरीणबाई खाली जमिनीवर बसल्या आणि मुलीकडे न बघता, तिच्या बुटांकडे बघत म्हणाल्या, "तुला भात आवडत नाही का गं?"

"आवडतो."

"अर्ध्यात पोट भरतं?"

"नाही."

आईने चमकून वर पाहिलं.

"मग अर्धा का ठेवतेस?"

पोरीला हे असं कोणी विचारलंच नव्हतं. का खात नाहीस, असं आईने शंभरदा विचारलं होतं, आणि "खाते" एवढंच उत्तर मिळालं होतं.

मुलगी काट्यावरून उतरली. कोणाला अंगाला हात लावू न देणाऱ्या त्या पोरीने आईची बाही मुठीत धरली आणि तिला ओढून काट्यावर उभं केलं.

"आता हिचं बघा," ती म्हणाली. "ती फक्त माझं उरलेलं खाते. म्हणून मी अर्धं ठेवते."