सकिनाचाचीचा सिलिंडर

बसा जरा, पूर्णगडच्या सकिनाचाचीच्या सिलिंडरची गोष्ट सांगतो.

तिचा लेक तहा कतारला मोठाल्या टाक्यांवर सेन्सर बसवतो. बाहेरून चिकटवायचा, तो लोखंडातून आवाज सोडून आत किती भरलंय ते सांगतो. गेल्या सुट्टीत तसलाच एक तहानं आईच्या गॅस सिलिंडरच्या बुडाला लावलान. गॅस संपत आला की तिकडं त्याच्या मोबाईलवर दिसतं, मग तो नवीन बुक करतो आणि आईला फोन करून तसं सांगतो.

पण एकट्या बाईचा सिलिंडर महिनाभरसुद्धा पुरेना. तहा घाबरला. शेगड्या दुरुस्त करणाऱ्या रघूला फोन केलान, "रघूभाऊ, गॅस गळतोय. झोपेत अम्माचं काय बरंवाईट व्हायचं. आधी जाऊन बघा."

रघू धावतच गेला. नळीला, बटणाला साबणाचा फेस लावून बघितलान, कुठं बुडबुडा नाय. शेगडीवर मात्र भलं मोठं टोप, आणि त्यात नुसतं पाणी खळखळतंय.

"चाची, हे कोणासाठी उकळतंय?"

चाचीनं पदराला हात पुसले.

"सिलिंडर भरलेला असला की त्याचा फोन येत नाय रे. तू त्याला सांग, गळती काय अजून सापडली नाय."